पायांची सूज नक्की कशामुळे? रक्तदाबाच्या एका गोळीची एकाच रुग्णापुरती केलेली पडताळणी

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईंचं हे प्रकरण. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीच्या पुढचं, घरात तेलुगू, दवाखान्यात मराठी. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो.

अक्कांचा दिवस कसा जातो हे इथे महत्त्वाचं आहे. सकाळी घरकाम उरकलं की मांडीवर सूप घेऊन भिंतीला टेकून बसायचं. पानं कापायची, तंबाखू भरायची, विडी वळायची, दोरा बांधायचा. दिवसाला आठशे-हजार विड्या झाल्या की संध्याकाळी माल द्यायला कारखान्यात जायचं. मधल्या सहा-सात तासांत उठणं होतं ते पाणी प्यायला, नाहीतर चूल बघायला. जेवणात कडक भाकरी, शेंगा चटणी आणि वर पापड किंवा लोणचं, म्हणजे मिठाला कमतरता नाही. पाठ तर रोजच भरून येते. त्यासाठी औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी आणायची, आठवड्यातून तीन-चार वेळा. वळणाऱ्या बहुतेक बायकांच्या डब्यात ती असतेच.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा रक्तदाब १६८/१०० निघाला. ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू झाली. दाब उतरला, पण पुरेसा नाही. पुढे गोळी १० मिलिग्रॅम केली गेली. त्यानंतर महिन्याभरात दोन्ही पाय सुजू लागले. दुसऱ्या एका दवाखान्यात पाणी उतरवायची गोळी, टॉर्सेमाइड १० मिलिग्रॅम, जोडली गेली. सूज थोडी कमी झाल्यासारखी वाटली, मग पुन्हा आली. त्याच दरम्यान चक्कर सुरू झाली.

फेब्रुवारीत त्या माझ्याकडे आल्या तेव्हा पायातली जोडवी साबण लावूनही निघत नव्हती. बोटाच्या दोन्ही बाजूंना मांस फुगून वर आलं होतं.

अडचण

बसून दाब १५२/९०. उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजला तर १२६/८०, आणि अक्कांनी टेबलाचा काठ धरला. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष धरतात. इथे वरचा २६ ने उतरला होता. बसून दाब जास्त आणि उभं राहिलं की चक्कर, अशी कोंडी. दाबाची गोळी वाढवावी तर बाई पडतील, कमी करावी तर दाब चढेल.

सुजेबद्दल घरात तीन मतं होती. अक्कांचं मत, "ही गोळीच वाईट आहे." मुलाचं मत, दिवसभर बसून राहिल्यावर पाय सुजणारच. शेजारणीचं मत, किडनी गेली असणार, दाबाच्या गोळ्यांनी किडनी जातेच.

अक्कांकडे त्यांच्या मताला पुरावाही होता. दिवाळीनंतर त्या पंधरा दिवस मुलीकडे गेल्या होत्या. गोळ्या घरीच राहिल्या. "डॉक्टर, तिकडं पाय एकदम मोकळे झाले बघा. इकडं येऊन गोळी सुरू केली, आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच." ही गोष्ट त्यांनी आधीच्या कुठल्याही दवाखान्यात सांगितली नव्हती. गोळी चुकवली म्हणून बोलणी बसतील ही भीती.

माझ्या दृष्टीने ही त्या दिवसातली सर्वांत मोलाची माहिती होती. औषध बंद केल्यावर त्रास जातो का आणि पुन्हा सुरू केल्यावर परत येतो का, ही दुष्परिणाम ओळखायची मूळ रीत आहे. अक्कांनी ती स्वतःच करून पाहिली होती. फक्त मुलीकडे असताना तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. ॲम्लोडिपिन बंद होती, विड्या वळणं बंद होतं आणि पाठ दुखत नसल्यामुळे डायक्लोफेनॅकही बंद होती. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी शरीरात मीठ-पाणी साठतं, पाय सुजतात आणि दाबही चढतो. म्हणजे अक्कांचं मत बरोबर असू शकत होतं, मुलाचंही, आणि जिचं नाव कुणीच घेतलं नव्हतं ती पाठदुखीची गोळीही दोषी असू शकत होती.

आधी धोका वगळणं

तिघांतलं खरं कोण हे शोधण्याआधी सूज धोक्याची नाही ना, हे पाहणं भाग होतं. एकाच पायाला सूज असती तर शिरेतली गुठळी मनात आली असती. इथे दोन्ही पायांना सारखी होती, बोट दाबलं की खड्डा पडत होता. हृदय कमजोर असल्याची चिन्हं नव्हती: चालताना धाप नाही, रात्री उशा वाढवाव्या लागत नाहीत, मानेची शीर फुगलेली नाही. लघवीत प्रथिनं नाहीत, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन ०.८, म्हणजे ठीक. शेजारणीची शंका तिथेच मिटली आणि ते अक्कांना स्पष्ट सांगितलं. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन १०.९, कमी, पण एवढ्याने अशी सूज येत नाही.

एक आकडा मात्र खटकला: पोटॅशियम ३.१. साडेतीनच्या खाली जायला नको. पाणी उतरवायच्या गोळीने लघवीवाटे पोटॅशियम जातं, त्याचाच हा हिशोब.

ॲम्लोडिपिनबद्दल आधीपासून काय माहीत आहे

हे औषध लहान धमन्या सैल करतं. धमनी रुंदावते, केशवाहिन्यांत रक्त जोराने येतं, पण पुढच्या शिरा तितक्या उघडत नाहीत. उजनीचे दरवाजे उघडले आणि पुढचा कालवा होता तेवढाच राहिला तर पाणी काठावरून शेतात पसरतं, तसा केशवाहिन्यांतला द्रव भोवतालच्या ऊतींत झिरपतो, आणि उभं राहिल्या-बसल्या तो घोट्यापाशी उतरतो. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. म्हणूनच या सुजेवर पाणी उतरवायची गोळी फारशी चालत नाही. ती रक्तातलं पाणी काढते, घोट्यातलं तसंच राहतं आणि चक्कर येते. अक्कांच्या बाबतीत नेमकं हेच घडत असावं असा मला संशय होता.

आकडेही बोलके आहेत. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकानुसार चाचण्यांमध्ये ५ मिलिग्रॅमवर सुमारे ३ टक्के लोकांना सूज आली आणि १० मिलिग्रॅमवर १०.८ टक्के लोकांना. औषध नसलेल्या गोळीवर ०.६ टक्के. पुरुषांत ५.६ टक्के, तर बायकांत १४.६ टक्के. डोस दुप्पट केल्यावर सूज साडेतीन पट होते, दाब मात्र त्या प्रमाणात उतरत नाही.

पण शंभरात अकरा म्हणजे उरलेल्या एकोणनव्वद जणांना ती येत नाही. अक्का अकरांतल्या की एकोणनव्वदांतल्या, हे माहितीपत्रक सांगू शकत नाही. ते अक्कांच्याच घोट्यावर मोजावं लागतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, गोळ्या तशाच ठेवून पाय उंचावर ठेवायला आणि लवचिक मोजे घालायला सांगणं. सोलापूरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात कुणी मोजे घालणार नाही आणि सूप मांडीवर घेऊन पाय उंचावरही ठेवता येत नाहीत.

दुसरा, ॲम्लोडिपिनऐवजी सिल्निडिपिन देणं. तिच्या कुळातलंच औषध, शिराही काही प्रमाणात उघडतं, सूज कमी येते. हा पर्याय वाईट नव्हता. पण ते सरकारी दवाखान्यात मिळेलच असं नाही, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या बाईची महिन्याची गोळी विकतच घ्यायची ठरली की ती कधीतरी चुकते.

तिसरा, ॲम्लोडिपिन ५ वर आणून टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम जोडणं. दोन्ही स्वस्त. टेल्मिसार्टन शिरांकडची बाजूही सैल करतं, त्यामुळे दाब तर उतरतोच, शिवाय सूजही कमी होऊ शकते.

चौथा, सगळं बंद करून कोऱ्या पाटीवर सुरुवात करणं. १६८ दाब निघालेल्या बाईच्या बाबतीत मला ते पटेना.

मन तिसऱ्या पर्यायाकडे होतं. तो त्याच दिवशी लिहून देता आला असता आणि बहुधा बरंही वाटलं असतं. पण मग बरं कशामुळे वाटलं हे कळलं नसतं. अक्का पाठदुखीची गोळी घेतच राहिल्या असत्या, आणि पुढच्या वेळी कुणी ॲम्लोडिपिन पुन्हा १० केली असती तर तिला अडवायला हातात काही नसतं. म्हणून पायऱ्या पाडल्या.

पडताळणी कशी आखली

अक्का आणि त्यांच्या मुलाला समोर बसवून सांगितलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मध्ये कुणीही काही जोडायचं नाही, आणि कधीही थांबायचा हक्क तुमचा. अक्कांनी विचारलं, "म्हणजे माझ्यावर प्रयोग का?" मी सांगितलं, प्रयोग आधीच चालू आहे, फक्त तो कुणी वहीत लिहीत नाही.

घरी दाब मोजायला दवाखान्यातलं यंत्र दिलं, दंडाला बसेल असा पट्टा बघून. प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या सात दिवसांत सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा मोजायचं, मध्ये एक मिनिट थांबायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. घरच्या सरासरीची मर्यादा १३५/८५. लिहायचं काम आठवीतल्या नातीकडे. तिने वहीत स्वतःहून "शेरा" असा रकाना आखला. एका संध्याकाळी १६४/९४, समोर शेरा: "आज विड्या परत केल्या." कारखान्यात माल नाकारला की दाब किती चढतो ते त्या ओळीत दिसलं, आणि एकेका आकड्यावरून गोळी का बदलू नये तेही.

सूज मोजायला साधी शिंप्याची टेप. घोट्याच्या हाडाच्या लगेच वर, दोन्ही पायांना, संध्याकाळी माल द्यायला जाताना. दवाखाना वाटेवरच आहे. मोजायच्या आमच्या सिस्टर, आणि कुठला टप्पा चालू आहे हे त्यांना सांगायचं नाही असं ठरवलं. गोळी कमी केली हे माहीत असलं की टेपही थोडी आवळली जाते, नकळत.

अक्कांनाही अंधारात ठेवायचं का, यावर मी बराच विचार केला. औषधांच्या मोठ्या चाचण्यांत रुग्णाला काय मिळतंय ते कळू देत नाहीत, कारण त्रास होणार या भीतीनेही त्रास जाणवतो. इथे सारख्या दिसणाऱ्या गोळ्या बनवून घ्यायची सोय नव्हती. शिवाय घोट्याचा घेर भीतीने वाढत नाही. त्यामुळे तो नाद सोडला. चक्कर आणि थकवा यांबाबत मात्र ही मर्यादा राहिली.

प्रत्येक टप्पा किती दिवसांचा, हे औषध ठरवतं. ॲम्लोडिपिन अंगात रेंगाळते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात आणि डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला आठवडा. त्यामुळे दोन दिवस गोळी चुकवून "काही फरक पडला नाही" म्हणण्याला अर्थ नसतो. पहिला आठवडा सोडून द्यायचा, मग मोजायचं.

काय घडलं

टॉर्सेमाइड लगेच बंद केली. पोटॅशियम ३.१ असताना ती चालू ठेवणं योग्य नव्हतं. त्याच दिवशी डायक्लोफेनॅकही बंद केली, पाठीसाठी पॅरासिटामॉल, तासाला एकदा उठून अंगणात फेरी, आणि थोडे दिवस पोटॅशियमचं पातळ औषध. इथे एका वेळी एकच बदल हा नियम मोडला. जाणूनबुजून मोडला, कारण दोन्ही गोळ्या त्यांच्यासाठी अपायकारक होत्या.

दोन आठवड्यांनी चक्कर गेली होती. उभं राहिल्यावर दाब जेमतेम सहाने उतरत होता. पोटॅशियम ४.०. घरची सरासरी १४६/८८. उजव्या घोट्याचा घेर २३.९ सेंटीमीटर, सुरुवातीला होता जवळपास तेवढाच.

मग ॲम्लोडिपिन १० वरून ५ वर. काम तेच, बसणं तेच, मार्च सरत आला होता आणि ऊन वाढत होतं. तीन आठवड्यांनी घेर २२.१. जोडवी फिरू लागली. सरासरी दाब मात्र १५१/९१.

त्यानंतर ॲम्लोडिपिन ५ तशीच ठेवून टेल्मिसार्टन ४०. या औषधाचा पूर्ण गुण यायला महिना लागतो, तेवढं थांबलो. दोन आठवड्यांनी रक्त तपासलं: क्रिएटिनिन ०.९, पोटॅशियम ४.४. महिन्याअखेर सरासरी १३१/८१, घेर २१.७.

उन्हाळ्याचा हिशोब इथे करावाच लागतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. उष्णतेने रक्तवाहिन्या सैल होऊन दाब आपोआपच थोडा उतरतो. म्हणजे १३१ मधलं काही श्रेय उन्हाचंही असणार. सुजेचं गणित मात्र उलटं आहे. उन्हाळ्यात पाय जास्त सुजतात, आणि अक्कांची सूज भर मे महिन्यात कमी होत होती. त्यामुळे दाबाबद्दल मी सावध होतो, सुजेबद्दल मात्र निश्चिंत.

आता प्रश्न होता, खात्रीसाठी ॲम्लोडिपिन मुद्दाम पुन्हा १० करून बघायची का? पुरावा पक्का झाला असता. पण दाब ताब्यात आला होता, अक्कांना आराम होता, आणि पक्क्या पुराव्याने त्यांच्या उपचारात काहीच बदल होणार नव्हता. करायचं नाही असं ठरवलं.

जूनमध्ये ते आपोआप झालं. औषधाच्या दुकानातून ५ ऐवजी १० ची पट्टी हातात पडली. कंपनी एक, रंग एक, आकडा बारीक. कुणाच्याच लक्षात आलं नाही. अक्का ठरल्या दिवशी आल्या, "पुन्हा जोडवी रुतायला लागली," म्हणाल्या. सिस्टरांच्या टेपवर २२.९. दाब १२६/७८. दरवेळी पट्ट्या सोबत आणायच्या असा आमचा शिरस्ता आहे, त्यामुळे पिशवी उघडताच उलगडा झाला. गोळी वाढलेली अक्कांना माहीत नव्हती, सिस्टरांना नव्हती, मलाही नव्हती. टेल्मिसार्टन चालू असूनही सूज परतली होती, पहिल्यापेक्षा कमी. पट्टी बदलून घेतली, दोन आठवड्यांनी घेर २१.८.

दुकानदाराला पट्टी दाखवली, त्यांनी दोन्ही ताकदींचे खोके वेगळ्या कप्प्यांत ठेवले. मीही तेव्हापासून चिठ्ठीवर आकड्यासोबत अक्षरात "पाच" लिहितो.

निष्पत्ती

दुष्परिणामाचा संबंध औषधाशी किती आहे हे ठरवायला १९८१ पासून नारांजो यांची प्रश्नावली वापरतात. अक्कांचे गुण ७ आले, म्हणजे "संभाव्य". "निश्चित" म्हणायला ९ लागतात. दिवसभर बसणं हे दुसरं कारण शिल्लक आहे म्हणून गुण कापले गेले, आणि ते योग्यच आहे. मुलाचं म्हणणं सर्वस्वी चूक नव्हतं. बसण्याने द्रव पायांत साचायला वाव मिळत होता, पण तो झिरपत होता १० च्या गोळीमुळे.

औषधांचे दुष्परिणाम नोंदवायची राष्ट्रीय यंत्रणा २०१० पासून आहे. तिचं काम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालतं. त्यांच्याकडे फॉर्म भरून पाठवला. माहीत असलेला, साधा दुष्परिणाम कशाला कळवायचा, असं डॉक्टरांना वाटतं. पण संशय असला तरी कळवायची मुभा आहे, आणि रुग्णही १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर स्वतः कळवू शकतात. सूज आली म्हणून दाबाची गोळी सोडून देणाऱ्या बायका आमच्या भागात किती आहेत, हे अशा नोंदींशिवाय कधी दिसणारच नाही.

हिवाळ्यात दाब चढतो, म्हणून गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पुन्हा सात दिवस मोजायला लावलं. सरासरी १३४/८३. मर्यादेच्या आत, पण काठावर. गोळी वाढवली नाही. पापड आणि लोणचं यांवर मात्र नातीच्या देखत पुन्हा बोलणं झालं.

वेगळं काय करता येईल

टॉर्सेमाइड आणि डायक्लोफेनॅक एकाच दिवशी बंद केल्यामुळे एक प्रश्न अनुत्तरित राहिला. एकीने पाणी जात होतं, दुसरीने साठत होतं. दोन्ही गेल्यावर घेर तेवढाच राहिला, तेव्हा दोघींचा परिणाम एकमेकांत फिटला की दोघींचाही नव्हता, ते सांगता येत नाही. अशी दुसरी रुग्ण आली तर टॉर्सेमाइड आधी आणि आठवड्याने डायक्लोफेनॅक बंद करेन. मूत्रपिंडं चांगली असतील तर आठवड्याचा विलंब चालतो.

पाणी उतरवायची गोळी जोडली गेली तो क्षण या प्रकरणातलं खरं वळण होतं. नवं लक्षण दिसलं की नवी गोळी सुचते. त्याआधी "गेल्या तीन महिन्यांत कुठली गोळी वाढली?" एवढं विचारलं तर काम भागतं. आणि "गोळ्या वेळेवर घेता ना?" या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. मी आता विचारतो, "मध्ये गोळी नव्हती असे दिवस कुठले, आणि तेव्हा कसं वाटलं?"

टेल्मिसार्टनची स्वतःची पथ्यं आहेत. जुलाब-उलट्या लागल्या तर ती थांबवून दवाखान्यात यायचं, आणि डायक्लोफेनॅक सोबत घ्यायची नाही. हे अक्कांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण घरात कुणाला लेखी दिलं नव्हतं. आता नातीच्या वहीच्या पहिल्या पानावर तेलुगूत आणि मराठीत लिहून घेतलं आहे.

ॲम्लोडिपिनचा आणखी एक दुष्परिणाम आम्ही मोजलाच नाही: हिरड्या वाढणं. अक्का मिश्री लावतात, त्यामुळे तोंडात काय कशाने झालं हे ठरवणं सोपं नाही. दाताच्या डॉक्टरांकडून सध्याच्या हिरड्यांची नोंद करून घेतली आहे. दर सहा महिन्यांनी ती पुन्हा बघायची ठरलं आहे.